दिव्याची बैठक

(जीर्णोद्धाराच्या कामावर श्रमदान करणाऱ्या मंडळींसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



देवळाच्या जीर्णोद्धाराचे भाषण म्हटले की विषय ठरलेले असतात. कोणी मूर्तीविषयी सांगतो, कोणी कळसाविषयी, कोणी देणगीदारांचे आभार मानतो. ते सारे योग्यच आहे. आजचा विषय मात्र त्या मानाने अगदी लहान, किंबहुना काहींना हसू येईल असा आहे. रात्रीच्या कामासाठी लोखंडी तिवईवर जो मोठा दिवा उभा करतात, तो पडू नये म्हणून त्याच्या पायाशी वजन कसे ठेवावे, एवढाच हा विषय. पण लहान विषयात मोठी गोष्ट दडलेली असते. देवळाच्या कामावर आलेला माणूस जसा धडधाकट आला तसाच धडधाकट घरी गेला पाहिजे. यापेक्षा मोठी पूजा कोणत्याही समितीला करता येणार नाही.

नगर जिल्ह्याला जीर्णोद्धाराची परंपरा नवी नाही. ज्यांच्या नावाने २०२४ साली या जिल्ह्याचे अहिल्यानगर असे नामांतर झाले, त्या पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातील चौंडी येथे ३१ मे १७२५ रोजी जन्मल्या. काशी विश्वेश्वराच्या मंदिरापासून कितीतरी तीर्थक्षेत्रांची बांधकामे त्यांनी करविली. अलीकडच्या काळातले उदाहरण पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचे. लष्करातून निवृत्त होऊन १९७५ मध्ये गावी परतलेल्या अण्णा हजारे यांनी गावाच्या कामाची सुरुवात केली ती संत यादवबाबांच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराने, स्वतःची पुंजी घालून. मग गाव श्रमदानाला उभे राहिले, आणि जे हात देवळासाठी एकत्र आले तेच पुढे बांधबंदिस्तीला आणि झाडे लावायला लागले.

श्रमदान म्हटले की रात्र आलीच. शेतकरी माणूस दिवसा रानात असतो. कोणाची पाण्याची पाळी असते, कोणाची ऊसतोड, कोणाचे दूध घालायचे असते. देवळाकडे त्याची पावले वळतात ती दिवेलागणीनंतर. शिवाय सभामंडपाचा स्लॅब एकदा ओतायला घेतला की मध्येच थांबवता येत नाही. अर्धा ओतून सकाळी पुन्हा जोडला तर सांधा राहतो आणि पुढे त्याच सांध्यातून पाणी झिरपते. म्हणून सूर्य मावळला तरी घमेली चालूच राहतात आणि कोणीतरी म्हणतो, “अरे, तो दिवा आणा!”

दिवा येतो. तीन पायांची लोखंडी तिवई, मध्ये वर-खाली सरकणारा पाइप आणि टोकाला हॅलोजनचा किंवा आता एलईडीचा रुंद दिवा. कोणीतरी तो घाईघाईत खडीच्या ढिगाशेजारी उभा करतो, पाय अर्धेच उघडतो, पाइप मात्र पुरता वर ओढतो, कारण उजेड लांब पडायला हवा. वायर सरळ दिव्याच्या टोकाकडून अधांतरी ताणून समोरच्या खांबाकडे नेलेली असते. उजेड पडला, सर्वांच्या तोंडावर समाधान आले, आणि त्या क्षणापासून दिव्याच्या पायाकडे कोणी पाहिले नाही.

मराठीत म्हण आहे, दिव्याखाली अंधार. ती म्हण माणसाच्या स्वभावाला लावतात, पण कामाच्या जागी ती शब्दशः खरी आहे. दिवा समोरचे सारे दाखवतो, स्वतःचे पाय दाखवत नाही. त्याच अंधारात घमेले घेऊन जाणाऱ्याचा पाय तिवईला अडखळतो, वायरीत गुंततो, आणि सहा फुटांवरचा तापलेला दिवा खाली येतो. खाली कोण असेल ते सांगता येत नाही. खाली सळई बांधणारा गवंडी असेल, पाणी घेऊन आलेली मुलगी असेल, नाहीतर मांडवाचा कापडी पडदा असेल. ५०० वॅटच्या हॅलोजनची काचनळी शेकडो अंशांपर्यंत तापते. कातडीला लागली तर भाजते, वाळल्या गवतावर वा कापडावर पडली तर आग लावते. फुटलेली काच आणि उघडी पडलेली वायर ओल्या काँक्रीटजवळ पडली तर काय होईल हे वेगळे सांगायला नको.

आता हा दिवा पडतो तरी का? याचे उत्तर गवंड्याच्या हातातल्या ओळंब्यात आहे. प्रत्येक वस्तूचे सारे वजन जणू एका बिंदूत गोळा झाले आहे असे मानता येते. त्याला शाळेच्या पुस्तकात गुरुत्वमध्य म्हणतात. या गुरुत्वमध्यातून ओळंबा सोडला आणि तो वस्तूच्या पायांच्या आत पडला, तर वस्तू उभी राहते. ओळंबा पायांच्या बाहेर गेला की वस्तू पडते. मग ती भिंत असो, गाडी असो की दिवा असो. गुरुत्वमध्य जितका उंच, तितका तो थोड्याशा कलण्यानेही बाहेर जातो. गुरुत्वमध्य जितका खाली, तितके जास्त कलणे सोसते.

नगर जिल्ह्यातल्या माणसाला हे पुस्तकातून शिकायची गरज नाही. प्रवरानगरला १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला, मग जिल्हाभर कारखाने झाले, आणि तेव्हापासून गळिताच्या हंगामात उसाच्या गाड्या रस्त्याने चालल्या आहेत. ऊस थोडा कमी आणि खालपर्यंत दाबून भरला असेल तर गाडी खड्ड्यातून डुलत निघून जाते. हाव करून उंच थर रचला की तोच खड्डा, तोच बैल, तोच ट्रॅक्टर, पण गाडी आडवी. खड्डा बदललेला नसतो. वजन वर गेलेले असते.

दिव्याची तिवई म्हणजे उभी केलेली, वर भरलेली उसाची गाडीच. आकडे मांडून पाहिले म्हणजे नीट कळेल. समजा, दिवा ३ किलोचा असून तो १८० सेंटिमीटर उंचीवर आहे. तिवईचे स्वतःचे वजन ४ किलो, म्हणजे सगळे मिळून ७ किलो. तीन पाय मधल्या पाइपपासून ४५-४५ सेंटिमीटर लांब टेकले आहेत. वरवर पाहणाऱ्याला वाटेल की मध्यापासून ४५ सेंटिमीटरपर्यंत आधार आहे. पण तीन पायांची वस्तू पायाच्या दिशेने पडत नाही, ती दोन पायांच्या मधून पडते. दोन पायांची टोके जोडणारी रेषा मध्यापासून बरोबर निम्म्या अंतरावर, म्हणजे साडेबावीस सेंटिमीटरवर असते. आधार तेवढाच.

आता ७ किलोला साडेबावीस सेंटिमीटरने गुणावे आणि १८० ने भागावे. उत्तर येते ९०० ग्रॅमच्याही आत. म्हणजे दिव्याच्या उंचीवर कोणी एक किलोचा धक्का दिला, नुसते वायरीला हिसडले, तरी तिवई आडवी होते. साखरेची एक पुडी उचलायला जेवढा जोर लागतो तेवढ्यात तो दिवा पडतो. तो आजवर पडला नसेल तर ती कृपाच म्हणायची.

वाऱ्याचेही तसेच. जीर्णोद्धाराची कामे बहुधा चैत्र-वैशाखात निघतात, कारण तेव्हा रान मोकळे असते. आणि वळवाची वावटळ उठते ती नेमकी त्याच दिवसांत, संध्याकाळच्या सुमाराला. ताशी ३६ किलोमीटरचा वारा म्हणजे काही वादळ नव्हे. पण सुमारे एक फूट लांब-रुंद दिव्यावर तो सुमारे ६५० ग्रॅमचा जोर लावतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी ७२ किलोमीटरच्या झोताला तोच दिवा अडीच किलोहून जास्त जोराने ढकलला जातो. ज्या तिवईला ९०० ग्रॅम सोसत नाहीत ती त्या झोतापुढे काय टिकणार?

यावर उपाय काय? उपाय जुन्या लोकांनी घरोघर करून ठेवलेला आहे. देवघरातली समई पाहावी. वरचे तेलाचे तबक लहान, मधला दांडा सडपातळ, आणि खालची बैठक रुंद व जड. दुकानात समई निवडताना जाणती बाई आधी बैठकीला हात लावून पाहते. बैठक हलकी वाटली तर वरचे नक्षीकाम कितीही सुंदर असो, ती समई परत ठेवते. कारण तिला ठाऊक असते की घरात रांगते मूल आहे, लुगड्याचा पदर आहे, आणि समईत पेटती वात आहे. देवळापुढची दगडी दीपमाळही तशीच, खाली रुंद चौथरा आणि वर निमुळती होत गेलेली. ज्यांनी ती बांधली त्यांनी गुरुत्वमध्य हा शब्द ऐकलाही नसेल. पण दिवा उंच न्यायचा तर वजन खाली ठेवायचे, हा नियम त्यांच्या हातात होता.

दगडी बांधकामात हाच नियम किती मोठ्या प्रमाणावर चालतो हे पाहायचे तर अकोले तालुक्यात भंडारदऱ्याला जावे. प्रवरेवरचे ते दगडी धरण १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये पुरे झाले. उंची सुमारे ८२ मीटर, म्हणजे २७० फूट. मागे साठलेले पाणी त्याला सतत उलथवायला पाहते, आणि धरण उभे राहते ते मुख्यतः स्वतःच्या वजनावर. म्हणूनच ते वर अरुंद आणि खाली रुंद आहे. १९६९ मध्ये या धरणात चिंता वाटावी अशी गळती आणि तडे दिसले. तेव्हा अभियंत्यांनी जे उपाय केले, त्यांत मागच्या बाजूला भक्कम आधारभिंती जोडून धरण बळकट करणे हा प्रमुख उपाय होता. म्हणजे पायाशी रुंदी वाढवली आणि वजन वाढवले. जो उपाय २७० फूट उंच धरणाला लागू पडला, तो सहा फुटांच्या दिव्याला का लागू पडणार नाही?

तेव्हा दिव्याच्या पायाशी वजन ठेवावे. किती ठेवावे? वरच्याच हिशेबात मध्यभागी, पाइपच्या बुडाशी, जमिनीलगत १५ किलो वाळूची पिशवी ठेवली असे धरू. आता एकूण वजन २२ किलो झाले. तोच गुणाकार-भागाकार केला तर तिवई पडायला पावणेतीन किलोचा जोर लागतो. पहिल्यापेक्षा तिपटीहून अधिक. गुरुत्वमध्य पूर्वी जमिनीपासून सुमारे ११७ सेंटिमीटरवर होता, तो ४४ सेंटिमीटरवर उतरतो. पूर्वी तिवई ११ अंशांच्या आसपास कलली की पडत होती, आता ती २७ अंशांपर्यंत कलूनही सावरते. आणि हे सारे एका घमेल्यातल्या वाळूने! १५ किलो कोरडी वाळू साधारण साडेनऊ लिटरच्या भांड्यात मावते. कामावर वाळूचा ढीग पडलेलाच असतो, सिमेंटची रिकामी गोणी पडलेली असते. रुपयाचाही खर्च नाही.

पण वजन ठेवतानाही डोके लागते. येथे चार चुका वारंवार होतात.

पहिली चूक म्हणजे सारे वजन एकाच पायावर टाकणे. वाळूची एक पिशवी कोणीतरी आणतो आणि सापडेल त्या पायावर ठेवून निघून जातो. त्या पायाच्या उलट बाजूला तिवई पडणार असेल तर हे वजन उत्तम काम करते. पण उरलेल्या दोन बाजूंना पडताना तो पाय पडण्याच्या रेषेवरच असतो. दरवाजाच्या बिजागरीवर कितीही जोर लावला तरी दरवाजा हलत नाही, तसे पडण्याच्या रेषेवर ठेवलेले वजन काहीच अडवत नाही. म्हणून एक पिशवी असेल तर ती बरोबर मध्ये ठेवावी, आणि तीन असतील तर तिन्ही पायांवर सारखी वाटावी. पाच-पाच किलोच्या तीन पिशव्या तीन पायांवर ठेवल्या काय आणि पंधरा किलोची एक मध्ये ठेवली काय, हिशेब अगदी सारखाच येतो.

दुसरी चूक म्हणजे वजन उंच टांगणे. पाइपला मध्यावर हुक असतो, त्याला पिशवी अडकवली की काम झाले असे वाटते. पण टांगलेली पिशवी वाऱ्याने झोके घेते, आणि प्रत्येक झोक्यासरशी तिवईला हिसका बसतो. टांगायचीच असेल तर ती जमिनीला टेकेल इतकी खाली असावी आणि पाइपला घट्ट बांधावी.

तिसरी चूक म्हणजे सुटे दगड आणि विटा रचणे. कोणाचा तरी पाय लागून त्या घसरतात, आणि अंधारात पुन्हा त्यांनाच ठेच लागते. चार विटा ठेवायच्याच तर गोणीत भरून तोंड बांधून ठेवाव्यात. वाळूची गोणीही अर्धीच भरावी, म्हणजे ती पायांवर पसरून बसते. गच्च भरलेली गोणी गोल होऊन गडगडते. उन्हात राहिलेली जुनी प्लॅस्टिकची गोणी अचानक फाटते, म्हणून दोन गोण्या एकात एक घालाव्यात.

चौथी चूक पाण्याची. वीस लिटरचा पाण्याचा कॅन म्हणजे वीस किलो वजन, आणि रिकामा करून नेता येतो, म्हणून तो सोयीचा वाटतो. पण कॅन गळतो, वजन नकळत उतरते, आणि विजेच्या दिव्याखाली थारोळे साचते. वाळू असताना पाणी कशाला?

कायमचा दिवा करायचा असेल तर गावच्या वेल्डरकडे आणि गवंड्याकडे त्याचेही उत्तर आहे. पन्नास सेंटिमीटर व्यासाची आणि दहा सेंटिमीटर जाडीची काँक्रीटची चकती ओतावी, आणि ओततानाच मध्ये पाइप उभा करावा. चकतीचे वजन सुमारे ४७ किलो भरते. गोल बैठकीला चारी दिशांना पंचवीस सेंटिमीटरचा सारखाच आधार मिळतो. त्यावर तोच दिवा त्याच उंचीवर लावला तर पाडायला साडेसात किलोंच्या आसपास जोर लागतो. उचलायला जड, पण दिवा उतरवून चकती कडेवर उभी केली की दोघे जण गाडीच्या चाकासारखी ढकलत नेऊ शकतात.

वजनाखेरीज काही गोष्टी फुकटच्या आहेत, त्या आधी कराव्यात. तिवईचे पाय पुरते उघडावेत. वरच्या हिशेबात पाय ४५ ऐवजी ६० सेंटिमीटर पसरले तर वजन न वाढवताही तिवई तिसऱ्या हिश्श्याने अधिक टिकते. दिवा गरजेपेक्षा उंच नेऊ नये. उजेड पुरत असेल तर एक हात खाली आणावा. पायांखाली भुसभुशीत माती असेल तर फळीचे तुकडे घालावेत, नाहीतर एक पाय रुततो आणि ओळंबा बाहेर सरकतो. तीन पायांचा एक गुण असा की खडबडीत जमिनीवरही ते तिन्ही टेकतात, चार पायांसारखे डगमगत नाहीत. हा गुण वाया घालवू नये. दिवा एका बाजूला झुकलेला असेल, किंवा वारा एकाच दिशेने वाहत असेल, तर ज्या दिशेला तिवई पडू पाहते त्या दिशेला एक पाय यावा अशी ती फिरवून ठेवावी. दोन पायांमधल्या फटीपेक्षा पायाच्या दिशेला आधार दुप्पट असतो.

आणि वायर! वायर दिव्यापासून अधांतरी ताणू नये. ती पाइपच्या कडेने खाली आणावी, बुडाशी पायाला बांधावी, आणि तेथून जमिनीवरून, माणसांच्या वाटेबाहेरून न्यावी. मग वायरीत कोणाचा पाय अडकला तरी हिसका बुडाला बसतो, टोकाला बसत नाही. सहा फुटांवर बसलेला हिसका तिवई पाडतो, आणि तोच हिसका जमिनीलगत बसला तर तिवई फार तर बोटभर सरकते. एवढा एक बदल केला तरी निम्मी चिंता मिटते. जोडणीच्या ठिकाणी अर्थिंग असावे, गळती होताच वीज तोडणारा स्विच असावा, आणि ओल्या हाताने दिव्याला कोणी शिवू नये, हे तर सांगायलाच नको.

कोणी विचारील, वजनाऐवजी दोऱ्यांनी ताणून का बांधू नये? प्रश्न बरोबर आहे. जोतिबाच्या चैत्र यात्रेत उंच सासनकाठी उभी राहते ती खाली पेलणाऱ्याच्या आणि बाजूंनी दोऱ्या ताणून धरणाऱ्यांच्या जोरावर. संगमनेरची होलम काठी माघ पौर्णिमेला जेजुरीला नेणाऱ्यांनाही ठाऊक आहे की खाली बोटभर कललेले वर हातभर होते. दोरी हा उत्तम उपाय आहे, पण सासनकाठीच्या दोऱ्या जागत्या माणसांच्या हातात असतात. बांधकामावर जमिनीत खुंट्या ठोकून ताणलेल्या दोऱ्या अंधारात कोणाला दिसतात? डोक्यावर घमेले घेतलेला माणूस पायाखाली पाहू शकत नाही. म्हणून जेथे माणसांची ये-जा आहे तेथे वजन, आणि जेथे कोणी फिरकत नाही अशा कोपऱ्यात दोरी, असा विवेक ठेवावा. दिवा परांचीला बांधण्याचा मोहही टाळावा. परांची माणसांच्या चालण्याने हलते, आणि ताज्या खांबाच्या सेंटरिंगला तर काहीच बांधू नये.

वजनालाही मर्यादा आहे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. वर सांगितलेली १५ किलोची पिशवी पावणेतीन किलोंचा जोर सोसते. वळवाचा मोठा झोत दिव्यावर अडीच किलोहून अधिक जोर लावतो, आणि पाइपवर बसणारा वारा त्यात धरलेलाच नाही. म्हणजे पिशवी आहे म्हणून वादळात दिवा उभा ठेवावा असे नाही. आभाळ काळवंडले, धूळ उठली की आधी दिवा बंद करावा, पाइप खाली उतरवावा, मग दुसरे काम. स्लॅबचे घमेले पाच मिनिटे थांबले तर देव रागावणार नाही. दिवा एका जागेवरून दुसरीकडे न्यायचा असेल तेव्हाही तसेच. आधी वीज बंद, मग दिवा खाली, मग वजन बाजूला, मग तिवई उचलायची. नव्या जागी आधी पाय उघडायचे, मग वजन, आणि सर्वांत शेवटी दिवा वर.

आता जुने हॅलोजन मागे पडत चालले आहेत. पूर्वी ५०० वॅटचा हॅलोजन जेवढा उजेड देत असे, तेवढा उजेड आज १०० वॅटच्या आसपासचा एलईडी देतो आणि तो तितका तापतही नाही. आगीची भीती पुष्कळ कमी झाली, हे चांगलेच झाले. पण उंची तीच, तिवई तीच, वारा तोच. दिवा थंड झाला म्हणून डोक्यावर पडल्यावर लागायचे थांबत नाही.

समितीने एवढेच करावे. रोज रात्री कामाला सुरुवात होण्यापूर्वी एका माणसाकडे दिव्याचे काम सोपवावे. त्याने दुसरे काही करू नये. पाय उघडले का, वजन मध्ये आहे का, वायर खालून गेली का, लहान मुले लांब आहेत का, एवढे पाहावे, आणि मग हाताच्या दोन बोटांनी दिव्याच्या उंचीवर पाइप हळूच ढकलून पाहावा. दोन बोटांच्या ढकलण्याने तिवईचा पाय उचलला गेला तर वजन कमी आहे असे समजावे. हे काम एखाद्या वयस्क माणसाला द्यावे, ज्याला घमेले उचलवत नाही पण रोज देवळात येतो. त्याच्याकडून यापेक्षा मोलाचे श्रमदान होणार नाही.

कळस चढेल तेव्हा सारा गाव वर पाहील. देणगीदारांची नावे दगडावर कोरली जातील, ती कोरलीच पाहिजेत. दिव्याच्या पायाशी ठेवलेल्या वाळूच्या गोणीचे नाव कोठेही येणार नाही. काम संपल्यावर तिचे तोंड सोडून ती वाळू शेवटच्या गिलाव्यात घालावी, म्हणजे तीही देवळाच्या भिंतीत जाईल. पण तोपर्यंत तिला तिच्या जागेवरून कोणी हलवू नये.

एवढे सांगून हे भाषण येथे पुरे होते.